जुनी पद्मिनी करायचीय? आधी पत्रा सरळ करा

जुनी पद्मिनी गाडी नव्यासारखी करायला घेतली की पहिला सल्ला येतो तो अलॉय चाकं, स्पॉयलर आणि निळ्या लाइटचा. सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. 1974 पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून विकलेल्या या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगपाशी. तिला पळवून दाखवायचं नसतंच. एका रंगातली साधी पद्मिनी बघत राहावीशी वाटते ती दारांच्या फटी सारख्या असतात आणि अंगावर पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसतं म्हणून.

गाडी घेताना जॅक लावायची जागा, फ्लोअर आणि बॅटरीखालचा पत्रा गंजलाय का ते स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा. रंग बदलायचा असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्या, आरसीवर नोंद करून घ्या. मग काच, बीडिंग (कडेच्या पट्ट्या), बंपर सगळं उतरवा.

डेंटिंग झालं की लांबी (पत्र्यावरचे खड्डे भरायची पुट्टी) लावायच्या आधी दारं, बॉनेट, डिकी परत बसवा. चार एमएमच्या प्लायची पट्टी सगळ्या फटींतून फिरवा. जिथे अडकेल तिथे बिजागरी सैल करून दार हलवा. फट लांबीनं भरून सारखी करू म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत आणा. दोन पावसाळ्यांत ती कड तुटते.

आता लांबी. इथेच माझी पहिली गाडी वाया गेली. एप्रिलचं ऊन, पारा बेचाळिसाच्या वर. लांबी पाट्यावरच आवळत होती, म्हणून घाईघाईनं जाड थर मारला आणि वॉटर पेपरनं पाणी मारून घासला. मिस्त्री म्हणाला, "मालक, पाण्यानं गुळगुळीत येतंय की!" आलं खरं. सहा महिन्यांनी डाव्या दारावर मसूरडाळीएवढे फोड आले. टोचले तर आत गंज. पॉलिएस्टर लांबी पाणी पिते, ते पाणी पत्र्यापर्यंत जातं. तेव्हापासून लांबी कोरडीच घासतो. धूळ होते, तोंडाला मास्क बांधा.

उघड्या पत्र्यावर आधी एपॉक्सी प्रायमर (गंज अडवणारं अस्तर) मारा. लांबी दोन-तीन एमएमच्या वर नको; जास्त लागत असेल तर ठोकाठोकी अर्धवट झालीय. लांबी घट्ट करणारा हार्डनर शंभर ग्रॅम लांबीला दोनेक ग्रॅम. ऊन आहे म्हणून तो कमी करू नका, लांबी कच्ची राहते. त्यापेक्षा थोडी थोडी कालवा आणि काम सकाळी सातला सुरू करा.

घासताना बोटांनी पेपर दाबायचा नाही. बोटांच्या चार रेघा पत्र्यावर उमटतात आणि रंगाखालून दिसतात. हातभर लांब लाकडी गुटक्याला 80 नंबरचा पेपर लावा, तिरकस फुलीसारखा फिरवा, मग 180, मग 320. मध्येच काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारा. घासून जिथे काळं उरतं तिथे खड्डा आहे. पद्मिनीची दारं लांब आणि सपाट, नजर पुसट लाटही पकडते. एका दाराला मला दोन दिवस लागतात. अर्ध्या दिवसात करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मग सरफेसर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, आणि तो नीट वाळल्यावर पुन्हा गुटका.

रंगाची जागा बघून ठरवा. आमची शेड शहराच्या पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमाग. ओल्या रंगावर कापसाचं तूस बसायचं, जवळून बघितलं तर गाडीला मिसरूड फुटल्यासारखं दिसायचं. आता माग बंद असतील त्या दिवशीच रंगाची स्प्रे गन हातात घेतो. जमिनीवर पाणी शिंपडतो, पत्रा टॉवेलनं नाही, तूस न सुटणाऱ्या टॅक क्लॉथनं पुसतो. उन्हाळ्यात स्लो (हळू उडणारा) थिनर वापरा, नाहीतर फवारा हवेतच सुकून संत्र्याच्या सालीसारखा रंग बसतो.

क्रोम पट्टी चांगली असेल तर तीच लावा. सीटला एकाच रंगाचं साधं रेक्झिन. मेण महिनाभर तरी लावायचं नाही, आतून रंग अजून वाळत असतो.