आफ्रिकन सिक्लिडची पैदास: अंड्यांआधीच्या आणि अंड्यांनंतरच्या या चुका टाळा

आफ्रिकन सिक्लिडकडून, म्हणजे आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांतल्या रंगीत माशांकडून, अंडी मिळवणं अवघड नाही. नर-मादी दोन्ही असतील, पाणी बऱ्यापैकी असेल आणि वेळेवर खायला मिळत असेल, तर मलावी सरोवरातल्या बहुतेक जाती आपण काहीही न करता अंडी घालतात. कस लागतो तो त्यानंतर. पिल्लं शुद्ध जातीची हवीत, मादीनं ती पुरते दिवस तोंडात सांभाळायला हवीत (यांची मादी अंडी आणि पिल्लं तोंडातच वाढवते), आणि पुढे वाढून ती रंगावर यायला हवीत. यात बिघाड होतो तो बहुतेकदा दोन जागी: मासे निवडताना, आणि मादीच्या तोंडात अंडी दिसल्यावर आपल्याला राहवत नाही तेव्हा. बाकीच्या चुका सुधारता येतात, या दोन सुधारायला फार वेळ जातो.

‘मिक्स आफ्रिकन’ पिशवीपासून सुरुवात

रंगीबेरंगी पिल्लांची मिश्र पिशवी घ्यायची, मोठी झाली की जोड्या लागतील असं धरायचं, ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत उशिरा कळणारी चूक आहे. या पिल्लांवर नाव लिहिलेलं नसतं आणि रंगावरून नाव ठरवणं धोक्याचं असतं. केन्यी या जातीचं उदाहरण घ्या. तिची सगळी पिल्लं निळी, अंगावर गडद पट्टे. माद्या निळ्याच राहतात, नर मात्र वयात येताना पिवळे होतात. आपला निळा मासा हळूहळू पिवळा पडतोय हे पाहून तो आजारी आहे असं अनेकांना वाटतं, किंवा तो यलो लॅब या पिवळ्या जातीचा आहे अशी समजूत होते. प्रत्यक्षात तो टँकचा ताबा घ्यायला निघालेला नर असतो, आणि केन्यीचा नर म्बुनांमधल्या, म्हणजे मलावीच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडमधल्या, तापट नरांपैकी एक. ऑराटस या जातीत उलटा प्रकार: मादी पिवळी, काळ्या पट्ट्यांची, नर गडद.

पीकॉक, म्हणजे ऑलोनोकारा, यांच्या बाबतीत तर वेगळीच अडचण. नर एकाहून एक देखणे, पण वेगवेगळ्या जातींच्या माद्या सगळ्या करड्या-तपकिरी, फिकट पट्ट्यांच्या. दोन जातींच्या माद्या एकदा एका टँकमध्ये मिसळल्या की नुसतं बघून त्या वेगळ्या करणं जवळजवळ अशक्य. म्हणून पैदास करायची असेल तर एका टँकमध्ये ऑलोनोकाराची एकच जात, हा नियम मी कधीही सैल करणार नाही.

संकर इतक्या सहज का होतो? सरोवरात शेजारी-शेजारी राहणाऱ्या कितीतरी जाती केवळ नराच्या रंगावरून आणि राहण्याच्या जागेवरून वेगळ्या राहतात. मादी आपल्या जातीचा रंग ओळखून नर निवडते. व्हिक्टोरिया सरोवरात पाणी गढूळ झालं तिथे ही निवड कोलमडली आणि जाती एकमेकींत मिसळू लागल्या, हे जीवशास्त्रज्ञ ओले सीहाउझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिलं. प्रयोगशाळेत एकाच रंगाच्या प्रकाशात ठेवल्यावरही माद्यांची निवड बिघडलेली दिसली. घरच्या टँकमध्ये तर मादीला निवडायला आपल्या जातीचा नर नसतोच बऱ्याचदा. मग ती जो आहे त्याच्याशी जमवून घेते. यलो लॅब आणि रेड झेब्रा यांचा संकर त्यामुळेच इतका जागोजागी दिसतो. जाता जाता: पैदाशीच्या टँकवर दिवसभर गडद निळा दिवा लावू नका. फोटो छान येतात, पण माशांना एकमेकांचे खरे रंग दिसायला पांढरा प्रकाशच हवा.

करायचं काय, तर एकच जात निवडा, तिची आठ-दहा पिल्लं शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणांहून घ्या, म्हणजे सगळी एकाच आईची नसतील. ती एकत्र वाढवा. वयात आल्यावर अंगाने भरलेला, रंगाने जातीला साजेसा एक नर ठेवा आणि जादा नर काढून टाका.

एक नर, एक मादी

जोडी आणून सोडणं हे गप्पीला चालेल, म्बुनाला नाही. नराचा सगळा जोर एकाच मादीवर येतो, ती कोपऱ्यात हीटरमागे लपून बसते, शेपटी फाटते आणि काही दिवसांत मरते. एका नरामागे चार-पाच माद्या असल्या की त्याचा पाठलाग वाटला जातो. टँक उंच असण्यापेक्षा लांब हवा. चार फूट लांबी ही म्बुनांच्या गटासाठी मी किमान मानतो. दगड भरपूर हवेत, पण ते आधी थेट तळाच्या काचेवर, खाली पातळ फोम घालून रचा आणि वाळू नंतर ओता. हे मासे अहोरात्र वाळू उकरतात. वाळूवर ठेवलेला दगड खालून पोकळ होतो, कलंडतो आणि काच फोडतो.

नवीन मादी सोडताना दगडांची मांडणी बदला. हद्दी मोडल्या की जुन्यांचं लक्ष नव्या पाहुण्यावरून हटतं.

हे सगळं मलावीबद्दल. टांगानिका सरोवराच्या माशांना हेच नियम लावणं ही एक स्वतंत्र चूक आहे. शंखात राहणारे मल्टिफॅसिएटस वसाहत करून राहतात; त्यांना भरपूर रिकामे शंख द्या आणि पिल्लं आई-बापांजवळच राहू द्या. ब्रिशार्डी जोडीनं राहतात आणि आधीच्या विणीची पिल्लं धाकट्या भावंडांची राखण करतात, हे बघण्यासारखं असतं. पण त्यांचं कुटुंब वाढलं की त्याच टँकमधल्या इतर माशांची खैर नसते.

पीएचच्या आकड्यामागे धावणं

मलावीच्या माशांना साधारण ७.८ ते ८.६ पीएच मानवतो, टांगानिकाच्या माशांना त्याहून थोडा वरचा, नऊच्या आसपासपर्यंत. हे वाचून लोक रोज काहीतरी ओततात आणि पीएच सकाळी एक, संध्याकाळी दुसरा होतो. स्थिर ७.८ हा हेलकावणाऱ्या ८.५ पेक्षा केव्हाही चांगला. पीएच धरून ठेवते ती पाण्याची कार्बोनेट कठीणता, म्हणजे केएच. पाणी मऊ असेल तर खाण्याचा सोडा वापरा: १०० लिटरला सुमारे ३ ग्रॅम सोड्यानं केएच एक अंशानं वाढतो. तो टँकमध्ये थेट न टाकता बदलायच्या पाण्यात विरघळवून घ्या, म्हणजे फरक हळूहळू पडेल. फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा ठेवला तर रोजची काळजी आणखी कमी होते.

उंच पीएचची एक बाजू मात्र नीट समजून घ्यायला हवी. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी भाग पीएचनुसार बदलतो. २६ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना तो एक टक्क्याहून कमी असतो, पीएच ८.२ ला तोच नऊ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे ज्या हलगर्जीतून मऊ, कमी पीएचच्या पाण्यातला मासा वाचतो, त्यातून सिक्लिड वाचत नाही. नवीन टँक पुरता सायकल होऊ द्या, म्हणजे अमोनिया संपवणारे उपयुक्त जिवाणू फिल्टरमध्ये रुजू द्या. त्याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून चकाचक करू नका. क्लोरिननं त्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि दोन दिवसांनी मासे पृष्ठभागावर धापा टाकताना दिसतात. बदलताना काढलेल्या टँकच्या पाण्यातच स्पंज पिळून घ्यावा, तेवढं पुरतं.

लवकर अंडी हवीत म्हणून मांसाहार

बहुतेक म्बुना दगडांवरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून खातात. त्यांची आतडी लांब असतात. बीफ हार्ट, ब्लडवर्म असं जड खाणं सारखं दिलं की पोट फुगण्याचा आजार, म्हणजे ब्लोट, ओढवतो. लक्षणं क्रमानं येतात: मासा खायला पुढे येतो पण दाणा थुंकतो, मग पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, मग पोट फुगतं. पोट फुगेपर्यंत थांबलात तर मासा क्वचितच वाचतो. दाणा थुंकतोय तेव्हाच त्याला वेगळा काढा, पाणी बदला. उपचारात सहसा मेट्रोनिडॅझोल हे औषध वापरतात. स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असलेलं खाणं, दिवसातून दोनदा, थोडं थोडं, एवढ्यावर म्बुना उत्तम अंडी देतात. पीकॉकना थोडं जास्त प्रथिन चालतं.

मादीनं अंडी धरली, आणि आपल्याला घाई झाली

आधी काय घडतं ते पाहून ठेवा. नर सपाट दगडावर किंवा वाळूतल्या खळग्यावर अंग थरथरवतो, दोघं गोल गोल फिरतात. मादी एक-दोन अंडी टाकते आणि लगेच वळून तोंडात घेते. नराच्या गुदपरावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात. मादी तिथे तोंड नेते आणि त्याच वेळी नराचं वीर्य तिच्या तोंडात जाऊन अंडी फळतात. मग तिचा गळा खाली पिशवीसारखा उतरतो, जबडा अधूनमधून चघळल्यासारखा हलतो. तोंडातली अंडी ती अशी सतत फिरवत असते. खाणं जवळपास बंद.

२५ ते २७ अंशांना हा काळ साधारण तीन आठवड्यांचा. पाच-सहा दिवसांत अंड्यांतून शेपटी वळवळू लागते. दोन आठवड्यांनी पिल्लाला डोळे, पर सगळं असतं पण पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी लटकत असते. ती आत शोषली गेली की पिल्लू पोहायला तयार.

पहिल्या आठवड्यात मादीला जाळीनं पकडणं ही मोठी चूक. घाबरली की ती अंडी थुंकते किंवा गिळते. पहिल्यांदाच अंडी धरणाऱ्या तरुण माद्या तर कोणी हात न लावताही तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोकळ्या होतात. त्यात बिघडलं काहीच नसतं. एक-दोन खेपांत त्या शिकतात. मात्र जुनी, अनुभवी मादी वारंवार चौथ्या दिवशी मोकळी होत असेल तर अंडी फळत नाहीत असं समजा. नर फार लहान आहे का, अंडी घालताना इतर मासे मध्ये घुसतात का, ते बघा. त्याच आठवड्यात खूप थंड पाणी बदललं होतं का, हेही आठवून पाहा.

वेगळं काढायचंच तर पंधराव्या दिवसानंतर. दिवे बंद केल्यावर तासाभराने मंद उजेडात मासे सुस्त असतात. जाळीपेक्षा पाण्यात बुडवलेल्या प्लास्टिकच्या डब्याकडे मादीला हळूच वळवा आणि पाण्यासकट उचला. ४० लिटरच्या, स्पंज फिल्टर आणि एक-दोन आडोसे असलेल्या टँकमध्ये तिला सोडा आणि तिची ती पिल्लं सोडेपर्यंत वाट पाहा. मला हाच मार्ग पसंत आहे.

हातानं पिल्लं काढायची, म्हणजे स्ट्रिप करायचं, तर हात ओले करा. त्याच टँकचं पाणी घेतलेल्या भांड्यावर मादीचं डोकं खाली ठेवून धरा. बोथट प्लास्टिकच्या काडीनं खालचा जबडा अलगद उघडा, डोकं पाण्यात बुडवून क्षणभर थांबा, पुन्हा वर घ्या. दोन-तीनदा असं केलं की पिल्लं बाहेर येतात. जबडा उघडत नसेल तर जोर लावू नका, तिला सोडून द्या. दहाव्या दिवसाआधी स्ट्रिप केलं तर टंबलर, म्हणजे वाहत्या पाण्यानं अंडी हलती ठेवणारी नळी, लागतोच, आणि त्यातला पाण्याचा जोर अंडी जेमतेम हलतील इतकाच हवा. अंडी नाचू लागली की कातडी फाटून मरतात. पांढरं पडलेलं अंडं दिसताच काढा, बुरशी शेजारच्यांवर जाते.

मोकळी झालेली मादी दोन-तीन दिवस वेगळी ठेवून खाऊ घाला, मग परत सोडा. तशीच रोडावलेली सोडली तर नर तिला पुन्हा छळतो. आणि आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवली तर गटातली तिची जागा जाते, परतल्यावर बाकीच्या माद्याही मारतात. तिला दिवे बंद करून सोडावं.

पिल्लं मोठी होत नाहीत

म्बुनांची पिल्लं बाहेर येतात तीच सुमारे सेंटिमीटरभराची, त्यामुळे बारीक चुरलेलं कोरडं खाणं पहिल्या दिवसापासून घेतात. नुकतेच उबवलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव) दिले तर वाढ चांगली. टांगत्या जाळीच्या पेटीत महिनाभर ठेवलेली पिल्लं खुरटतात. त्यांना मोकळा टँक हवा, तळ वाळूशिवाय, म्हणजे उरलेलं खाणं पाइपनं ओढून घेता येतं. दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं खाणं आणि आठवड्यातून दोनदा पाणी बदल, यात वाढीचं बहुतेक काम होतं. मोठी पिल्लं लहानांना खाऊ देत नाहीत, म्हणून आकारानुसार वेगळी करा.

पिल्लं जास्त होणार हे गृहीत धरून ती कुठे जाणार हे आधी ठरवा. नदी-तळ्यात एकही सोडू नका. तिलापिया हाही सिक्लिडच, आणि जगभर अनेक ठिकाणी तो बाहेर पडून स्थानिक माशांना भारी पडला. पाठीचा कणा वाकलेली, जबडा तिरका असलेली पिल्लं पैदाशीसाठी कुणाला देऊ नका. देताना जातीचं पूर्ण शास्त्रीय नाव लिहून द्या, आणि आईबद्दल किंचितही शंका असेल तर ‘संकरित’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे घेणारा त्यांना शुद्ध गटात मिसळणार नाही.