जुन्या ट्रकच्या हौद्यातील झिजलेले कोटिंग कसे दुरुस्त करावे

ट्रकच्या हौद्यातील कोटिंग उखडले की मालकाचे लक्ष उघड्या पडलेल्या पत्र्याकडे जाते. खरे लक्ष द्यायचे असते ते त्या पत्र्याच्या कडेने अजून शाबूत दिसणाऱ्या कोटिंगकडे, कारण गंज त्या कडेखालून आडवा सरकत असतो आणि वरचा थर मात्र महिनोन्महिने जागेवर राहतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया वाहणाऱ्या, तुर्भ्याच्या बाजार समितीतून कांदा-बटाटा उचलणाऱ्या आणि उरणच्या मिठागरांवरून मीठ आणणाऱ्या जुन्या गाड्यांचे हौदे मी अनेक वर्षे दुरुस्त करत आलो आहे. ठिगळ केवढे घ्यायचे हे डोळ्यांना दिसणाऱ्या भागावरून ठरवले, तर तीच गाडी पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा शेडमध्ये उभी राहते, हे मी ठामपणे सांगू शकतो.

हौदा रिकामा करून, धुऊन, तेलाचे आणि ग्रीसचे डाग डिग्रीजरने काढलेले आहेत असे मी गृहीत धरतो. पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर दबत असेल, तर कोटिंगचा विचार बाजूला ठेवून तेवढा भाग कापावा आणि नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडवावी.

आता काही सल्ल्यांबद्दल, जे रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजात आपुलकीने दिले जातात आणि पत्र्याचे नुकसान करतात. जुने इंजिन ऑइल फासल्याने गंज थांबत नाही, आणि त्यानंतर त्या पत्र्यावर कोणताही रंग नीट धरत नाही. गंजावरच रेड ऑक्साइडचा हात मारल्याने रंग गंजाला चिकटतो, पत्र्याला नव्हे, आणि गंज सुटला की रंगही त्याच्याबरोबर सुटतो. खळग्यांत पुटी भरून तळ गुळगुळीत करणे हे तर सर्वांत वाईट, कारण सळयांच्या पहिल्याच भाराखाली पुटीला तडे जातात आणि त्या तड्यांतून शिरलेले पाणी बाहेर येत नाही. गंज बदलणारी जी रसायने मिळतात त्यांतील बहुतेकांत फॉस्फोरिक आम्ल असते. ते पूर्ण धुऊन न काढता वर इपॉक्सी (रंग आणि हार्डनर असे दोन घटक मिसळून लावायचे कोटिंग) लावल्यास उरलेले आम्ल त्याला घट्ट करणाऱ्या हार्डनरच्या कामात अडथळा आणते. माझ्या मते हौद्याच्या तळासाठी या रसायनांची गरजच पडू नये.

जुने कोटिंग कोणत्या जातीचे आहे हे आधी ओळखावे. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी त्यावर मिनिटभर दाबून धरावी आणि मग घासावी. रंग मऊ पडून चिंधीला लागला, तर तो साधा सिंथेटिक इनॅमल आहे आणि त्याच्यावर इपॉक्सी लावल्यास इपॉक्सीतील तीव्र द्रावकामुळे तो सुरकुततो. तो सगळा काढावा लागतो. चिंधी स्वच्छ राहिली, तर खालचा थर बहुधा दोन घटकांचा आहे आणि त्याच्या कडेवर नवा थर जोडता येतो.

कड शोधणे

या कामातली अवघड पायरी हीच आहे आणि सुरुवातीची काही वर्षे माझे काम याच पायरीवर फसत होते. मीठ वाहणाऱ्या एका जुन्या गाडीच्या तळावर मी हातभर लांबीचे ठिगळ लावले होते. ठिगळ उत्तम बसले, मधोमध आजही दोष काढता आला नसता. पण पावसाळा संपता संपता त्याच्या चारही बाजूंनी फुग्यांचे कडे उठले. मी ते कडे खरवडून पुन्हा प्राइमर लावला, आणि पुढच्या वर्षी नवे कडे आणखी बाहेरच्या बाजूला उठले. रंग बदलून पाहिला, हार्डनरवर संशय घेतला, दुकानदाराशी वाद घातला. चूक रंगात नव्हतीच. दर वेळी मी जिथे फुगे दिसत होते तिथे थांबत होतो, आणि गंज त्याच्यापुढे दोन-तीन बोटे गेलेला होता.

म्हणून आता मी कड अशी शोधतो. उघड्या पत्र्याच्या काठाशी धारदार स्क्रेपर जवळजवळ आडवा धरून जुन्या कोटिंगच्या खाली दाबतो. कोटिंग पापुद्र्यासारखे उचलले गेले, तर ते काढून पुढे जातो. ज्या ठिकाणी स्क्रेपर अडतो आणि कोटिंग उचलले न जाता केवळ चिरले जाते, तिथेही लगेच थांबत नाही. काढलेल्या जागेचा पत्रा पाहतो: तो काळपट किंवा तांबूस असेल, तर गंजाची रेघ अजून पुढे गेलेली आहे. स्वच्छ, राखाडी, कोरडा पत्रा दिसेपर्यंत काढत जावे, आणि तो दिसल्यावर आणखी ५ सेंटीमीटर पुढे जावे. जाड कोटिंगवर छोट्या हातोडीच्या मागच्या बाजूने टिचकी मारून पाहिल्यास सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो आणि चिकटलेल्या जागी खणखणीत. पण केवळ आवाजावर भरवसा ठेवू नये, कारण पातळ थरात हा फरक कानाला कळत नाही. हातभर दिसणारे ठिगळ या पद्धतीने अनेकदा दुप्पट मोठे होते. गाडीचा मालक त्या वेळी नाराज होतो, त्याला जागेवर बोलावून स्क्रेपरखाली उचलला जाणारा पापुद्रा दाखवावा.

दुसरा धोका खळग्यांत असतो. ग्राइंडरला लावलेला तारेचा गोल ब्रश पत्रा चकचकीत करतो आणि पाहणाऱ्याला काम झाल्यासारखे वाटते, परंतु तो खळग्यांच्या तोंडावरचा गंज घासून गुळगुळीत करतो, तळचा गंज तिथेच राहतो आणि रंगाला धरायला खरखरीत पृष्ठभागही उरत नाही. ब्रश फक्त सुटे पोपडे काढण्यासाठी वापरावा आणि नंतर ४० किंवा ६० नंबरची फ्लॅप डिस्क (घासकागदाच्या पट्ट्यांची चकती) फिरवावी. जवळपास सँड ब्लास्टिंगची, म्हणजे हवेच्या दाबाने कणांचा मारा करून पत्रा साफ करण्याची, सोय असेल आणि ठिगळे अनेक असतील, तर खर्च करून ब्लास्टिंगच करून घ्यावे. खळग्यांच्या तळापर्यंत पोहोचणारा दुसरा चांगला मार्ग मला माहीत नाही.

एवढ्यानेही खळग्यांतले मीठ निघत नाही. खाडीकाठच्या हवेतले, मासळीच्या बर्फाच्या पाण्यातले, खताच्या गोण्यांतून सांडलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत, आणि कोटिंगखाली अडकले की ते थरातून पाणी ओढून घेतात. फुगे त्यामुळे येतात. ग्राइंडिंगनंतर तो भाग गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा, नायलॉनच्या ब्रशने खळगे घासावेत आणि हवेच्या नळीने लगेच कोरडे करावेत. मग गाडी रात्रभर शेडमध्ये उभी ठेवावी. सकाळी संपूर्ण पत्र्यावर एकसारखी हलकी तांबूस छटा आली, तर ती केवळ दमटपणाची आहे आणि डिस्कच्या एका फेरीत जाते. पण खळग्यांत वेगळे काळे किंवा गडद ठिपके दिसले, तर तिथे मीठ आहे आणि धुण्याचे काम पुन्हा करावे लागते. मीठ वाहिलेल्या गाड्यांना मी तीन वेळाही धुतलेले आहे. ही एक रात्र वाचवण्याचा आग्रह अनेक मालक करतात, आणि त्या आग्रहाला मी आता होकार देत नाही.

शेवटी शाबूत कोटिंगची कड तिरपी करावी, म्हणजे उभी पायरी राहू नये. ८० नंबरच्या कागदाने निदान ३ सेंटीमीटर रुंदीत ती उतरती करत न्यावी, बोट फिरवल्यावर काठ लागता कामा नये, आणि त्यापलीकडचा ५ सेंटीमीटरचा पट्टा चमक जाईपर्यंत घासावा, कारण नवा थर त्याच्यावर चढणार आहे. रबरासारखे फवारलेले कोटिंग असेल, तर ते कागदाने उतरत नाही, फाटून त्याचे धागे निघतात. ते नव्या पात्याच्या चाकूने तिरपे कापावे आणि मग ४० नंबरने खरखरीत करावे.

जुन्या पिवळ्या आणि लाल रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे २०१६ चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहेत, ट्रकवरच्या औद्योगिक रंगांना ते लागू होत नाहीत. त्यामुळे कोरडा घासलेला धुरळा अंगावर घेऊन घरी जाऊ नये. जमेल तिथे ओले घासावे, चांगला मास्क लावावा आणि कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

हवामान आणि वेळ

नवी मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत हे काम उघड्यावर करूच नये. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील वाफेचे दव होते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा पत्र्यावर बसतो. डिसेंबर-जानेवारीत दिवस कोरडा वाटतो, पण निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षा थंड होतो आणि सकाळी त्याच्यावर दव असते. म्हणून थंडीत सकाळी दहाच्या आधी सुरुवात करू नये आणि दुपारी दोन-तीनपर्यंत शेवटचा हात संपवावा, म्हणजे संध्याकाळच्या दवापूर्वी थर थोडा सुकतो. मे महिन्यात अडचण उलटी असते: तापमान १० अंशांनी वाढले की मिसळलेले इपॉक्सी घट्ट होण्याआधी वापरायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो, तेव्हा थोडे थोडेच मिसळावे.

थर देणे

झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्राइमर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावा, अंदाजाने नाही. बोल्टची डोकी, वेल्डचे सांधे आणि पत्र्याच्या धारा आधी ब्रशने रंगवाव्यात, कारण धारेवरून ओला रंग मागे ओढला जातो आणि तिथे थर पातळ राहतो. मग संपूर्ण ठिगळावर दोन हात द्यावेत. त्यावर जाड थराचे इपॉक्सी.

उघड्या हौद्यावर शेवटचा हात पॉलीयुरेथेनचा हवा, कारण उन्हात इपॉक्सीची पावडर सुटते. याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या वाफेने दमा जडतो आणि एकदा जडला की अगदी थोड्या संपर्कानेही उफाळतो. कापडी मास्क इथे काहीच उपयोगाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल, तर फवारणी करू नये, हे मी माझ्या शेडमधल्या प्रत्येक मुलाला सांगतो. माल चढवणाऱ्या माथाडी कामगारांचे पाय घसरू नयेत म्हणून या ओल्या थरावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची कणी शिंपडावी आणि ती सुकल्यावर वरून आणखी एक पातळ हात द्यावा.

पाण्याचा निचरा होणारी भोके रंगाने बुजू देऊ नयेत. साधारण २४ तासांनी तळावर चालता येते, पण पूर्ण कडकपणा यायला आठवडा लागतो आणि तोवर भार टाकू नये. गाडी कामाला लागल्यावर पहिले दोन पावसाळे दर महिन्याला ठिगळाच्या कडेवरून नख फिरवून पाहावे. कड नखाला अडली, तर तेवढाच दोन बोटांचा भाग लगेच उघडून, धुऊन, पुन्हा बंद करावा.