इंजिन सगळेच मागतात, डबे कोण मागणार? मॉडेल ट्रेनची विशलिस्ट लिहायची कशी

कुठल्याही मॉडेल ट्रेनवाल्याला विचारा की पुढच्या वर्षी काय यायला पाहिजे, तो एका दमात वीस इंजिनांची नावं म्हणून दाखवेल. मॉडेल बनवणाऱ्या कंपनीला लिहिताना पण तेच करतो, वीस नावं आणि खाली "प्लीज लवकर काढा". अशा यादीचं पुढे काहीच होत नाही. कारण ती वाचणाऱ्या माणसाला शेवटी हिशोब मांडायचा असतो, साचा किती गुंतागुंतीचा, त्यातून किती प्रकार निघतील, किती वर्षं विकता येतील, आणि आपल्या यादीत यातलं काहीच नसतं. त्यामुळे त्याचा अर्धा हिशोब आपणच करून द्यायचा, सगळी युक्ती एवढीच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे एका पत्रात एकच मागणी. दोन चालतील, पण वीस नको. वीस लिहिल्या की वाचणाऱ्याला कळत नाही की यातली कुठली आली तर हा माणूस खरंच विकत घेणार आहे आणि कुठली नुसती हौस म्हणून लिहिली आहे.

दुसरं, नाव सांगून थांबू नका, व्हेरिएंट म्हणजे नेमका उपप्रकार सांगा. ब्रिटिश क्लास ३७ हे डिझेल इंजिन घ्या. १९६० ते १९६५ मध्ये ३०९ इंजिनं बांधली, पण सुरुवातीच्यांना नाकाच्या दोन्ही बाजूंना हेडकोडचे (गाडीची ओळख सांगणाऱ्या क्रमांकाचे) वेगवेगळे बॉक्स आणि मध्ये दार, नंतरच्यांना मध्यभागी एकच बॉक्स. म्हणजे नाकाचा भाग साच्यातच वेगळा करावा लागतो, नुसत्या रंगाने भागत नाही. त्यात पुढे कित्येक इंजिनांत फेरबदल होत गेले, ते वेगळेच. तेव्हा "क्लास ३७ हवं" याच्यापेक्षा "मधला हेडकोड बॉक्स, अमुक साली जसं होतं तसं, अमुक लिव्हरी (रेल्वेची रंगसंगती)" असं लिहिलं की समोरच्याला लगेच कळतं की या माणसाला आपण काय मागतोय ते माहीत आहे. साल टाकायला तर विसरूच नका, साल नसेल तर बाकी सगळा तपशील अर्धवटच राहतो.

आता साच्याचं प्रकरण, इथे थोडं थांबू या. प्लॅस्टिक मॉडेलचा सगळ्यात मोठा खर्च स्टीलचे साचे कापण्यात जातो, एकदा ते झालं की रंग बदलून, नंबर बदलून पुन्हा पुन्हा माल काढता येतो. म्हणून जी मागणी जुन्या साच्यावर थोडा नवीन भाग लावून पूर्ण होते ती कंपनीला गोड लागते. उदाहरणार्थ अमेरिकन जीपी३८-२ आणि जीपी४०-२ ही डिझेल इंजिनं, दोन्ही १९७२ पासूनची. फ्रेमची लांबी एकच, बॉगी (खालची चाकांची चौकट) एकच, कॅब तीच. फरक कुठे, तर ३८ ला टर्बो नाही आणि मागे रेडिएटरचे पंखे दोन, ४० ला टर्बो आणि पंखे तीन. म्हणजे एखाद्याने जीपी३८-२ काढलं असेल तर जीपी४०-२ साठी मुख्यतः हुडचा (यंत्रावरच्या कव्हरचा) वरचा भाग नवीन लागतो, मोटर-गिअर-फ्रेम आहे तीच. हे तुम्ही पत्रात दोन ओळीत लिहिलं ना, की तुमचं पत्र बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसतं. आपली आवडती इंजिनं घेऊन बसा आणि शोधा की बाजारात आधीच असलेल्या कुठल्या मॉडेलची चेसिस याला चालेल, भावंडं सापडतातच.

पण याचा अर्थ खऱ्या जगात जे जास्त बांधलं तेच मॉडेलमध्ये जास्त खपतं असं मात्र नाही हं. बिग बॉय ही अमेरिकेतली प्रचंड वाफेची इंजिनं फक्त २५ बांधली, १९४१ ते १९४४, एकाच रेल्वेसाठी, तरी त्याची मॉडेलं कित्येक कंपन्यांनी काढली आणि अजून काढतायत. लोकांना आवडतं, बस. तेव्हा "याची संख्या खूप होती" हा मुद्दा एकटा पुरत नाही, "हे कुठे कुठे फिरलं, किती रेल्वेंच्या रंगात फिरलं, किती वर्षं टिकलं" हे जास्त वजनदार. एकच इंजिन सहा रेल्वेंच्या लिव्हरीत धावलं असेल तर साचा एक आणि विक्री सहादा, हे त्यांना लगेच समजतं.

आता मूळ मुद्दा, डबे.

इंजिनाला मागणी करणारे हजार मिळतील, पण त्या इंजिनामागे काय लावणार? पॅसेंजर गाडीचं इंजिन घेतलं आणि मागे वेगळ्या काळातले, वेगळ्याच रेल्वेचे डबे, असं चित्र किती लेआउटवर (घरी मांडलेल्या छोट्या रेल्वेवर) दिसतं. माझं मत विचाराल तर विशलिस्टमध्ये आज सगळ्यात दुर्लक्षित जागा डब्यांची आहे, आणि तुमची मागणी तिथेच जास्त उपयोगी पडेल. कारण एक इंजिन घेणारा माणूस डबे सहा-आठ घेतो. ही गोष्ट कंपनीला ठाऊक असते, पण कुठला डबा किती लागणार हे तिला आपणच सांगायचं असतं.

डब्यांचा हिशोब वेगळा आहे तो बघा. इंजिनात भावंडं चेसिसवर जुळतात, डब्यांत छत, तळ, टोकं आणि बॉगी जुळतात पण बाजू जुळत नाही. कोचच्या खिडक्या एका रांगेत सारख्या, स्लीपरच्या खोल्यांप्रमाणे तुटक, डायनरला स्वयंपाकघराच्या बाजूला सलग कोरी भिंत. म्हणजे प्रत्येक प्रकाराला नवीन बाजू, आणि आतली सीट-बिछान्यांची मांडणीही नवीन. शिवाय बड आणि पुलमन-स्टँडर्ड या डबे बांधणाऱ्या दोन अमेरिकन कंपन्यांनी "१०-६" म्हणजे दहा रूमेट (एकट्याच्या छोट्या खोल्या) आणि सहा डबल बेडरूमचे स्लीपर बांधले, नाव तेच पण बाहेरून दिसायला वेगळे. तुम्ही नुसतं "१०-६ स्लीपर" लिहिलं तर नेमका चुकीचा यायची शक्यता आहे, बांधणाऱ्याचं नाव टाकाच.

मग गाडीची रचना लिहून काढा, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत, आणि प्रत्येक प्रकार किती लागतो ते पुढे लिहा. डायनर गाडीत एकच, ऑब्झर्व्हेशन (बाहेरचा देखावा बघायचा शेवटचा डबा) एकच, बॅगेजचंही बहुतेक एकावर भागतं, पण कोच तीन-चार. कंपनीने प्रत्येक प्रकाराचा एकेकच नंबर काढला तर तुमच्या गाडीत एकाच नंबरचे तीन कोच होतील, आणि हे बघून रिव्हेट मोजणारी म्हणजे बारीकसारीक तपशील तपासणारी मंडळी सोडाच, साधा माणूसही हसेल. "कोचचे किमान चार वेगवेगळे नंबर हवेत" हे वाक्य इंजिनाच्या पाच पानी वर्णनापेक्षा जास्त कामाचं. आणि सेट की सुटे, ते पण सांगा. सेट दिसायला छान असतात पण ज्याला फक्त अजून दोन कोच हवेत त्याची पंचाईत होते.

स्केल (मॉडेल खऱ्याच्या किती पट लहान) आणि लांबीबद्दल स्पष्ट राहा. एन या छोट्या स्केलचं म्हटलं की सगळं एक नाही, बहुतेक ठिकाणी १:१६०, ब्रिटिश १:१४८, जपानी साधारण १:१५० आणि शिनकान्सेन मात्र १:१६०, रूळ सगळ्यांचा ९ मिलिमीटर. त्याहून मोठी स्केल म्हणजे एचओ १:८७ आणि ब्रिटिश ओओ १:७६, दोघंही १६.५ मिलिमीटरच्याच रुळावर. दुसरं, लांब डबे. अमेरिकेतला ८५ फुटी डबा एचओमध्ये जवळपास ३० सेंटिमीटर होतो, युरोपातला २६.४ मीटरचा ३०३ मिलिमीटर. १८ इंची त्रिज्येच्या वळणावर एवढा डबा एकतर बाहेर लोंबतो नाहीतर बाजूच्या ट्रॅकवरच्या गाडीला घासतो, म्हणून कंपन्यांनी लांबी आखडून १:९३.५ चे म्हणजे २८२ मिलिमीटरचे किंवा १:१०० चे म्हणजे २६४ मिलिमीटरचेही डबे काढले. तुम्हाला पूर्ण लांबी हवी की आखडलेली चालेल, आणि तुमच्या लेआउटचं सगळ्यात घट्ट वळण किती, हे न लिहिता "लाँग कोच पाहिजे" म्हणालात तर ती मागणी हवेतच राहते. मी स्वतः पूर्ण लांबीच्या बाजूचा आहे, पण ज्याचं लेआउट एका टेबलावर आहे त्याने माझं ऐकू नये.

इलेक्ट्रॉनिक्सवर जास्त लिहायची गरज नाही. डिकोडरसाठी (डिजिटल कंट्रोलची चिप) कुठलं सॉकेट हवं (२१एमटीसी, प्लक्स२२, छोट्या मॉडेलला नेक्स्ट१८), स्पीकरला जागा हवी, डब्यात दिवे लागतात तर घाणेरड्या रुळावर लुकलुकू नयेत म्हणून कपॅसिटर हवा, एवढं पुरे.

पुरावा मात्र जोडा. आजकाल बऱ्याच कंपन्या खऱ्या इंजिनाचं लेझर स्कॅनिंग करतात, म्हणजे नमुना कुठे जिवंत आहे का हा पहिला प्रश्न. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया रेलरोडची टी१ ही वाफेची इंजिनं, ५२ बांधली आणि एकही वाचलं नाही, तिथे ड्रॉइंग आणि फोटोंवरच सगळं. तुमच्या मागणीचा डबा एखाद्या म्युझियममध्ये उभा असेल तर म्युझियमचं नाव, डब्याचा नंबर लिहा, पण हेही लिहा की रिस्टोर करताना काय काय बदललंय, नाहीतर कंपनी आजचा डबा मोजेल आणि तुम्हाला १९५५ चा हवाय. फोटो तिरके, दोन्ही बाजूंचे आणि जमलं तर छताचे. छताचे फोटोच सगळ्यात कमी मिळतात, आणि लेआउटवर आपल्याला वरून छतच आधी दिसतं.

नमुन्यादाखल एक मागणी लिहून दाखवतो (कॅलिफोर्निया झेफर ही अमेरिकेतली जुनी पॅसेंजर गाडी, आणि डोम म्हणजे छतावर काचेचा घुमट असलेला डबा), अशी लिहा:

"एचओ, १:८७, पूर्ण लांबी. कॅलिफोर्निया झेफरचा बडने बांधलेला डोम कोच, १९४९ ते १९७० च्या काळातला. या गाडीत पाच डोम डबे असायचे, त्यातले तीन कोच, म्हणून डब्यांवर किमान तीन वेगवेगळी नावं हवीत, उदाहरणार्थ सिल्व्हर ब्रॉन्को, सिल्व्हर कोल्ट, सिल्व्हर मस्टँग, सिल्व्हर पोनी. हेच डबे पुढे १९८३ पर्यंत रिओ ग्रँड झेफरमध्ये धावले, म्हणजे त्याच साच्यातून दुसरी रेंज निघते. सुटे विका, आतले दिवे असले तर उत्तम, वळण माझ्याकडे किमान २४ इंची आहे. मी स्वतः तीन डबे घेईन. दोन्ही बाजूंचे आणि छताचे फोटो सोबत जोडलेत."

यात "खूप वर्षांपासून वाट बघतोय" हे कुठेच नाही, बघा. वाट सगळेच बघतायत. "मी तीन घेईन" हे मात्र लिहिलंय, आणि ते खरं असेल तरच लिहा. आपल्यासारखे अजून पाचजण असतील तर सगळ्यांनी मिळून एकच मागणी सही करून पाठवा, पाच वेगवेगळ्या भाषेतली पाच पत्रं नकोत, त्यात एक १९५२ चं व्हर्जन मागतो, दुसरा १९६५ चं, आणि वाचणारा वैतागून दोन्ही बाजूला ठेवतो.

कधी पाठवायचं? युरोपियन कंपन्या नवीन माल दरवर्षी न्यूरेंबर्गच्या खेळणी प्रदर्शनाच्या सुमाराला जाहीर करतात, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला, तेव्हा ऐन त्या आठवड्यात मागणी पाठवून उपयोग नाही, त्या वर्षाचं कधीच ठरलेलं असतं. घोषणेपासून मॉडेल हातात येईपर्यंत दोन-दोन वर्षं आरामात जातात, कधी जास्त. आणि उत्तर आलं नाही म्हणून रागवू नका. दुसरी कंपनी तेच मॉडेल काढून बसेल या भीतीने सगळे गुप्तता पाळतात, ज्या मागणीवर खरंच काम चाललंय तिलाच सगळ्यात कोरडं उत्तर मिळतं. दर महिन्याला तेच पत्र पुन्हा पाठवणं मात्र बंद करा, नवीन फोटो किंवा ड्रॉइंग मिळालं तरच लिहा.

आणि मॉडेल जाहीर झालं की तुमचं खरं काम सुरू होतं. आधी कॅड ड्रॉइंग (कॉम्प्युटरवरचं) दाखवतात, मग बिनरंगाचा पहिला नमुना, मग रंगवलेला. चूक दिसली तर कॅडच्याच वेळी सांगा. साचा कापल्यावर एक गंमत असते, मॉडेलवर एखादी गोष्ट वाढवायची असेल तर साच्यातलं स्टील अजून थोडं कोरून काढता येतं, पण मॉडेलवरची एखादी जादा गोष्ट काढायची तर साच्यात स्टील परत भरावं लागतं, वेल्डिंग करून, आणि ते कोणालाच नको असतं. म्हणून "इथे ग्रिल नव्हती, तुम्ही लावलीत" ही चूक पहिल्या दिवशी कळवायची, "इथे एक हँडरेल कमी आहे" ही एक वेळ दोन आठवड्यांनी कळवली तरी निभतं. कळवताना एक फोटो, त्यावर एक बाण, खाली फोटोचं साल आणि डब्याचा नंबर. शिव्या नकोत, "हे तर लहान पोरालाही दिसेल" वगैरे नको, समोरच्या डिझायनरने तुमच्या आवडीच्या डब्यावर काही महिने घालवलेले असतात आणि तो ती चूक दुरुस्त करू शकेल असा एकमेव माणूस आहे.