आधी मीटरसमोर उभं राहा

आमच्या घरी वीजबचत म्हणजे एकच वाक्य होतं, "दिवा कोण चालू ठेवून गेलं?" सासऱ्यांकडून ते माझ्याकडे आलं आणि मी ते धाकट्याला दिवसातून दोनदा ऐकवायचे. एकदा कागद-पेन घेऊन बसले. तो दिवा ९ वॅटचा एलईडी. रात्रभर, म्हणजे दहा तास जळला तरी ०.०९ युनिट. आणि त्याच पोराच्या आंघोळीसाठी मी २००० वॅटचा गीझर लावून भाजी निवडायला बसायचे. रात्रभर जळणारा दिवा खातो तेवढी वीज गीझर तीन मिनिटांत संपवतो. त्या दिवसापासून पोराची सुटका झाली.

तेव्हा पहिली गोष्ट: दिव्यांवरून भांडू नका. जे तापवतं, जे गार करतं आणि जे चोवीस तास चालतं, त्याच्या मागे लागा.

आमचा सांगलीतला टू-बीएचके, सगळ्यात वरचा मजला, माणसं चार. दर रविवारी सकाळी मी मीटरचा आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. बिल महिन्यानं येतं, तोवर कुठल्या आठवड्यात काय जास्त चाललं हे कुणाला आठवतंय? आठवड्याचा आकडा असला की लगेच कळतं: पाहुणे होते, इस्त्री दोनदा झाली, पाऊस होता म्हणून गीझर जास्त चालला.

बिलाबद्दल एक गैरसमज आमच्या जिन्यात सगळ्यांनाच होता, की १०१वं युनिट पडलं की अख्खं बिल महागाच्या दरानं लागतं. तसं नाही. महावितरणचे घरगुती टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. पहिली शंभर युनिटं स्वस्त दरानंच धरतात, महाग दर वरच्यांनाच. पण याचाच अर्थ असा की तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी वरून, महागातलं कमी होतं. बचतीचा हिशेब सरासरी दरानं करू नका. वरच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचा खर्च) मिळवा, वर वीज शुल्क (सरकारी कर) धरा.

आता मीटर. त्यावर एक बारका लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. ३२०० म्हणजे तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. रात्री सगळे झोपले की दिवे-पंखे बंद करा, फ्रीजचं बटण दहा मिनिटांपुरतं बंद करा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभं राहा. एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद जातात ते मोजा. ३२०० चा मीटर असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, १६०० चा असेल तर २२५० ला. उत्तर येईल ते वॅट.

आमच्याकडे सगळं "बंद" असताना २५ सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे ४५ वॅट. चोवीस तासांचं एक युनिटाहून जास्त, महिन्याचं ३२! कोण खातंय? मी खाली मीटरपाशी आणि आमचे हे वर एकेक बटण बंद करत, फोनवर बोलत. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचं मुख्य बटण बंद केलं, तर २५ चे ३५ सेकंद झाले. म्हणजे १३ वॅट त्या डब्याचे, टीव्ही बंद असतानासुद्धा. इन्व्हर्टर बंद केला आणि थेट १०० सेकंद. उरले ११ वॅट, ते वायफायचे. खरा चोर इन्व्हर्टर निघाला. बॅटरी सहा वर्षांची, चार्ज धरतच नव्हती, रात्रंदिवस वीज पीत बसली होती. लोडशेडिंग आता पूर्वीसारखं नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. (मोजून झाल्यावर फ्रीज परत चालू करायला विसरू नका. कुणीतरी विसरलं होतं. नाव घेत नाही.)

गीझरचं सोपं आहे. आमचा १५ लिटरचा आहे. साध्या नळाचं पाणी पुरतं तापायला त्याला साधारण २० मिनिटं लागतात, म्हणजे पाऊण युनिटाच्या आत. लाल दिवा गेला की पाणी तापलं. त्यानंतर नुसता चालू राहिला तर टाकीतून निसटलेली ऊब भरून काढायला तो मधूनमधून लागत राहतो. म्हणून आंघोळी पाठोपाठ. एक सहाला, दुसरा आठला असं नाही. तापमानाचा खटका खाली असतो, तो ६५-७० वर असेल तर ५५ वर आणा. नाहीतरी ते पाणी आपण गार पाण्यानंच निववतो की! आणि शॉवरऐवजी बादली. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणीच अंगाला चटका देतं, तेव्हा गीझरचं बटण मी चिकटपट्टीनं बंद करून टाकते. सवय वाईट असते, हात आपोआप जातो.

फ्रीजच्या बाबतीत मी अतिशहाणपणा केला होता. कुणीतरी सांगितलं, रात्री बंद ठेवायचा. आठ दिवस केलं. सकाळी लावला की दमल्यासारखा दुपारपर्यंत गुरगुरत बसायचा, रविवारचा आकडा तिथंच, आणि मे महिन्यातलं लिटरभर दूध नासलं ते वेगळंच. फ्रीजला करायचं ते एवढंच: मागे वीतभर जागा, गरम पातेलं आत नाही, आणि दाराच्या रबराची परीक्षा. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. अडखळत आली तर रबर ठीक. सुळकन आली तर तिथून गारवा चाललाय. आमची खालच्या कोपऱ्यात सुळकन आली. रबर बदलून घेतलं.

पंखे चारही बदलायची गरज नाही. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. आमचे दिवाणखान्यातला आणि सासूबाईंच्या खोलीतला असे दोनच बदलले, कारण ते रोज चौदा तास फिरतात. एका पंख्यामागे महिन्याला १९ युनिटं वाचतात. स्वयंपाकघरातला पंखा जुनाच आहे, तिथे तो फिरतो किती वेळ? एक सांगते: बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर जोडू देऊ नका, रेग्युलेटर काढूनच टाकायचा.

गॅसकडे मी जास्त प्रेमानं बघते. माझ्या आजीच्या चुलीला बाजूला वैल होता. मुख्य जाळावर भाकरी, आणि वैलावर दूध नाहीतर आमटी, फुकटच्या आचेवर. आपण शेगड्या घेतल्या आणि वैल विसरलो. मी तो परत आणलाय. तूरडाळ तासभर भिजते, डाळीच्याच कुकरात वरच्या डब्यात भात, कडेला दोन बटाटे. पहिली शिट्टी होईपर्यंत मोठा गॅस, मग बारीक. एरवी पाच शिट्ट्या लागायच्या, आता तिसरीला बंद करते आणि वाफ आपली आपण जिरू देते. उरलेलं शिजणं त्या वाफेतच होतं. शिट्टी उचलून फुस्स करून वाफ सोडणं म्हणजे वैलावरची आमटी ओतून देणं. शेवटची भाकरी तव्यावर टाकली की गॅस बंद. तवा बिडाचा, जाड. भाकरी होते आणि वर जिरं, तीळ भाजून निघतात.

पाणी एकदा उकळलं की मोठ्या आचेनं ते जास्त गरम होत नाही, नुसती वाफ जाते. उकळी फुटली की झाकण आणि बारीक आच. ज्योत पातेल्याच्या कडेनं वर आली तर तेवढा गॅस हवेला. पिवळी दिसली तर बर्नर काढून भोकं टाचणीनं साफ करा. सिलिंडर लावल्याची तारीख मी त्याच कॅलेंडरवर लिहिते. १४.२ किलोचा सिलिंडर पूर्वी ३४-३५ दिवस जायचा, आता ४३ च्या खाली आला नाही.

एसीचं थोडक्यात: एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. स्टार असलेले एसी २०२० पासून चालू होताना २४ वर येतात, त्याच्या खाली जायची गरज नाही. आम्ही २६ वर ठेवून पंखा लावतो. जाळी पंधरा दिवसांनी धुवायची.

मागच्या वर्षी महिन्याला १९० युनिटांच्या आसपास होतो, आता १२० च्या. आपल्याकडची बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच होते. युनिटामागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ७० युनिटांचा हिशेब जवळपास ५० किलो, दर महिन्याला गव्हाचं एक पोतं. धाकट्याला हे पोतं बरोबर कळलं, दिव्याचं ओरडणं कधी कळलं नव्हतं.

राहिली गच्ची. वरच्या मजल्याचा स्लॅब दुपारभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत ती धग खाली सोडतो, पंखा गरम वारंच फिरवतो. आम्ही पाडव्याच्या आधी गच्ची झाडून-धुऊन, भिजवलेला चुना गाळून, त्यात थोडा फेव्हिकॉल घालून कुंच्यानं दोन हात दिले. पहिला आडवा, तो वाळला की दुसरा उभा. पहिल्या पावसाळ्यात बराच निघून जातो, म्हणून हे काम दर वर्षी. त्या एप्रिलमध्ये सासूबाईंनी एसी लावायची वेळ रात्री दहाची अकरावर नेली, न सांगता. चुना कालवताना मात्र हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. मी घातला नव्हता. एक शिंतोडा उडाला आणि अर्धा तास नळाखाली डोळा धरून बसले.