इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या जोडताना
मुंबईत वीज क्वचितच जाते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी शहराचा बहुतांश भाग काही तास विजेविना राहिला, तो अपवादच. म्हणूनच दवाखान्यातल्या किंवा दुकानातल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांकडे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही, खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलांवर, म्हणजे वायर जोडायच्या धातूच्या टोकांवर, पांढरट-हिरवट थर चढत राहतो आणि जोडणी निकामी झाल्याचे नेमके गरजेच्या वेळी कळते.

लेड-ॲसिड बॅटरीवर टर्मिनलांशेजारी अधिक आणि वजा ही चिन्हे उमटवलेली असतात. टर्मिनले शंकूच्या आकाराची असतील, तर पॉझिटिव्ह टर्मिनल किंचित जाड असते. वायरच्या रंगावर मात्र विसंबू नये, कारण हाताशी असेल ती वायर लावून मोकळे होणारे कारागीर कमी नाहीत. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे उपकरण) डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक एका टर्मिनलला आणि काळे दुसऱ्याला लावावे. आकड्यापुढे वजा चिन्ह आले, तर लाल टोक निगेटिव्हवर आहे. पूर्ण चार्ज होऊन काही तास स्वस्थ राहिलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते.

इन्व्हर्टरला किती व्होल्ट लागतात, हे आधी त्याच्यावरच्या माहितीच्या पट्टीवर वाचावे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडताना पहिलीचे निगेटिव्ह दुसरीच्या पॉझिटिव्हला जाते आणि उरलेल्या दोन टोकांवर २४ व्होल्ट मिळतात. क्षमता १५० अँपिअर-तासच राहते. ही उरलेली टोके एकमेकांना जोडली, तर थेट शॉर्ट सर्किट होते. पॅरलेलमध्ये पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला निगेटिव्ह जोडल्यावर १२ व्होल्ट आणि ३०० अँपिअर-तास मिळतात. साठा (व्होल्ट गुणिले अँपिअर-तास) दोन्हीकडे ३,६०० वॉट-तासांचाच, त्यामुळे सिरीजने बॅकअप दुप्पट होतो या बोलण्यात तथ्य नाही. पॅरलेलमध्ये इन्व्हर्टरची पॉझिटिव्ह वायर एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्यावी, म्हणजे दोन्हींवर भार सारखा पडतो. जुन्या बॅटरीला नवी जोडणे टाळावे.

कामापूर्वी इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढावा, अंगठी व धातूचे कडे उतरवावे आणि खिडकी उघडावी, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना ते शेवटी. मोटारीत या क्रमाला फार महत्त्व आहे: तिथे बॉडी निगेटिव्हला जोडलेली असल्याने, पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला की मोठी ठिणगी उडते. इन्व्हर्टरची शेवटची वायर लावतानाही बारीक ठिणगी उडू शकते, कारण आतले कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) चार्ज होतात.

साचलेला थर, हातमोजे घालून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. टर्मिनल कोरडे करून नट घट्ट आवळावा आणि पेट्रोलियम जेली त्यानंतर वरून लावावी. शेवटी पंखे-दिवे इन्व्हर्टरवर चालवून मल्टिमीटरचे एक टोक थेट टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरे वायरच्या लगवर (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर) टेकवावे, ०.१ व्होल्टहून अधिक दिसल्यास ती जोडणी पुन्हा उघडावी.