अंतराळ मोहिमा वर, विज्ञानपट खाली: पाच मीटरचा कालपट असा बनवा

अंतराळ संशोधनाच्या टप्प्यांची यादी कुठेही मिळते, विज्ञानकथांच्या चित्रपटांचीही मिळते. दोन्ही एकाच मापाने एकाखाली एक लावल्या, की कल्पना कुठे पुढे होती, प्रत्यक्ष कुठे पुढे गेलं आणि किती वर्षांनी, हे नजरेला दिसतं. प्रदर्शनासाठी, वाचनालयासाठी किंवा घरातल्या लांब भिंतीसाठी हा कालपट चांगला. सगळी मेहनत मापात आणि तारखांत आहे. चिकटवणं एका संध्याकाळचं काम.

आधी माप

सगळ्या वर्षांना सारखी जागा दिली की घोळ होतो. १८६५ ते १९५६ हा पट्टा जवळजवळ ओसाड राहतो आणि १९६१ ते १९६९ मध्ये कार्डं एकमेकांच्या उरावर बसतात. म्हणून पट्टीचे तीन तुकडे करा.

१८६५ ते १९५६: वर्षाला १ सेंमी, म्हणजे ९२ सेंमी.
१९५७ ते १९७२: वर्षाला १२ सेंमी, म्हणजे १९२ सेंमी. इथे एक सेंमी म्हणजे एक महिना.
१९७३ ते २०३२: वर्षाला ३ सेंमी, म्हणजे १८० सेंमी.

एकूण ४६४ सेंमी. पाच मीटर लांब, ६० सेंमी रुंद जाड कागदाचा रोल घेतला तर दोन्ही टोकांना १८-१८ सेंमी मोकळे राहतात. माप बदलतं तिथे नागमोडी रेघ मारा, वर्षांच्या पट्ट्याचा रंग बदला आणि ‘इथून १ वर्ष = १२ सेंमी’ असं ठळक लिहा. हे राहिलं तर पाहणाऱ्याला साठचं दशक आहे त्याहून कितीतरी पट लांब वाटेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

रुंदीच्या मधोमध ५ सेंमीचा वर्षांचा पट्टा आखा. वरचे २७.५ सेंमी प्रत्यक्ष मोहिमांसाठी, खालचे तेवढेच कल्पित कलाकृतींसाठी. कार्ड ६ सेंमी रुंद, ८ सेंमी उंच ठेवलं तर एका बाजूला तीन ओळी बसतात. तिसऱ्या तुकड्यात एक कार्ड दोन वर्षांची जागा खातं, म्हणजे एका बाजूला दोन वर्षांत फार तर तीन कार्डं. चौथं आलं तर एक गाळा. अक्षर बारीक करून सगळं कोंबलं की दोन पावलांवरूनही वाचता येत नाही.

जागा काढायची कशी

तुकड्याच्या सुरुवातीपर्यंतची लांबी, अधिक (वर्ष वजा तुकड्याचं पहिलं वर्ष) गुणिले माप, अधिक वर्षातला दिवस भागिले ३६५ गुणिले माप. अंतराळात गेलेला पहिला माणूस युरी गागारिन, त्याचं उड्डाण १२ एप्रिल १९६१चं, म्हणजे वर्षातला १०२वा दिवस: ९२ + ४८ + ३.४ = १४३.४ सेंमी. मोजपट्टी दर वेळी शून्यापासूनच लावा. मागच्या खुणेपासून पुढची मोजत गेलात तर प्रत्येक खुणेतली अर्धा मिलिमीटरची चूक साठत जाते.

कार्ड कुठेही सरकलं तरी त्यातून निघणारी उभी रेघ तारखेवरच टेकली पाहिजे. १९७७ मध्ये याची कसोटी लागते. २५ मे रोजी ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला, २० ऑगस्टला व्हॉयेजर २ आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ हे अंतराळयान निघालं. तिन्ही खुणा एका सेंमीच्या आत येतात. (आधी निघालेल्याचा क्रमांक २ का, असं कुणीतरी विचारणारच. व्हॉयेजर १ अधिक जलद मार्गाने जाऊन गुरूपाशी आधी पोहोचणार होतं. हे कार्डाच्या कोपऱ्यात लिहून टाका.)

तारखांचे खड्डे

एकच घड्याळ निवडा: जागतिक प्रमाणवेळ. अपोलो ११ त्या वेळेनुसार २० जुलै १९६९ला २०:१७ वाजता चंद्रावर उतरलं आणि आर्मस्ट्राँगचं पहिलं पाऊल २१ जुलैला ०२:५६ वाजता पडलं. अमेरिकेत दोन्ही घटना २० तारखेच्या. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक १ प्रमाणवेळेनुसार ४ ऑक्टोबर १९५७ला सुटला, पण प्रक्षेपणस्थळी मध्यरात्र उलटून ५ तारीख लागली होती. पट्टीवर असा फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही. कार्डावर छापलेली तारीख मात्र लोक वाचतात आणि भांडतात.

चित्रपटांसाठी पहिल्या जाहीर खेळाची तारीख धरा, आणि सगळ्यांसाठी तीच धरा. मालिकांमध्येही हीच अडचण: ‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ला दाखवला गेला, कॅनडात त्याच्या दोन दिवस आधी.

‘पहिला’ हा शब्द लिहिण्याआधी सीमा ठरवा. अंतराळ १०० किमीवर सुरू होतं असं धरलं तर जर्मन व्ही-२ क्षेपणास्त्राने ती १९४४ मध्येच ओलांडली होती. अमेरिकी हवाई दल ८० किमीची रेघ मानतं, त्यामुळे अमेरिकी अंतराळवीरांची यादीही बदलते. कोणती सीमा धरली ते पट्टीच्या कोपऱ्यात लिहा.

कुठे काय लावायचं

बहुतेक कार्डं आपोआप जागेवर जातात, दोन अडतात. आर्थर सी. क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये भूस्थिर (पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहांद्वारे संदेशवहनाची मांडणी केली. लेखक विज्ञानकथांचा, पण लेख तांत्रिक मासिकातला आणि गणिताचा, तेव्हा तो वरच जातो. स्पेस शटल ‘एंटरप्राइज’ १७ सप्टेंबर १९७६ला लोकांसमोर आलं. तेही वर, पण कार्डावर स्पष्ट लिहा की ते कधीच अंतराळात गेलं नाही. वातावरणातल्या चाचण्यांपुरतंच उडालं.

दोरे

वरच्या आणि खालच्या कार्डांना जोडायला दोरे लावा. कालपटाची खरी गंमत इथे आहे, आणि सर्वांत जास्त थापाही इथेच शिरतात. तीन प्रकार ठेवा.

लाल दोरा, खालून वर: कल्पनेचा प्रत्यक्षावर नोंदलेला परिणाम. ‘एंटरप्राइज’ हे नाव ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या पत्रमोहिमेमुळे पडलं, १९६६ पासून १९७६ पर्यंत लाल दोरा बिनधास्त ओढा. दुसरा, एच. जी. वेल्स यांच्या मंगळावरच्या आक्रमणाच्या कादंबरीपासून (१८९८) रॉबर्ट गोडार्ड यांच्या द्रव इंधनाच्या पहिल्या रॉकेटपर्यंत (१६ मार्च १९२६, उड्डाण अडीच सेकंदांचं). ती कादंबरी किशोरवयात वाचल्याचं गोडार्डनी स्वतःच सांगितलं आहे.

निळा दोरा, वरून खाली: प्रत्यक्षाचा कल्पनेवर परिणाम. व्हॉयेजर निघालं १९७७ मध्ये, आणि १९७९च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाचं कथानक एका काल्पनिक व्हॉयेजर यानाभोवती फिरतं.

करडा, तुटक: नुसतं साम्य. ज्यूल व्हर्न यांच्या १८६५च्या कादंबरीत तिघे जण फ्लोरिडातून चंद्राकडे निघतात, अपोलोतही तिघेच, तेही फ्लोरिडातूनच. लाल दोऱ्याचा मोह आवरा. व्हर्नना चंद्र डोक्यावर येईल असा दक्षिणेकडचा अक्षांश हवा होता. अमेरिकेला पूर्वेला मोकळा समुद्र आणि पृथ्वीच्या फिरण्यातून मिळणारा जास्तीचा वेग हवा होता. शिवाय व्हर्नचं वाहन म्हणजे २७४ मीटर लांब तोफेचा गोळा. तेवढ्या अंतरात सेकंदाला ११ किमी वेग गाठायचा तर त्वरण गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून जास्त लागतं, आणि त्यात प्रवासी जिवंत राहत नाहीत.

ज्या दोऱ्याचं कारण एका वाक्यात लिहिता येत नाही तो काढून टाका. एकूण दहा-बारा दोरे पुरेत. त्यापुढे जाळं होतं आणि एकही वाचता येत नाही.

लावताना

वर्षांचा पट्टा कागद जमिनीवर असतानाच आखून घ्या. भिंतीवर आधी मधली आडवी रेघ पाणसळीने मारा आणि कागद मधून दोन्ही टोकांकडे चिकटवत जा. एका टोकापासून सुरू केलं तर पाच मीटरांत कागद तिरका जातो. दोरे टाचणीला बांधायचे असतील तर मागे थर्माकोल किंवा पुठ्ठा हवा, नुसत्या भिंतीत टाचणी टिकत नाही. दोरा हलका ताणा, जास्त ताणला तर टाचण्या वाकतात. शेवटच्या तुकड्यातली कार्डं कागदी चिकटपट्टीनेच लावा. नव्या मोहिमांच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, आणि डिंकाने लावलेलं कार्ड कागद सोबत घेऊनच निघतं.