मॅक 1 ओलांडण्याचं टेस्ट कार्ड कसं लिहावं

टेस्ट कार्ड म्हणजे चाचणी उड्डाणात काय, कोणत्या क्रमानं करायचं आणि कुठे थांबायचं याचा कागद. ओझरला माझ्याकडे येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मी आधी कोरा कागद देतो. ध्वनीचा वेग ओलांडतो तो पायलट. पण कुठे थांबायचं, हे जमिनीवरच ठरतं.

सुरुवातीला उंची आणि तापमान लिहा, कारण मॅक 1 म्हणजे तिथल्या हवेतला ध्वनीचा वेग, तो ठरावीक नसतो. निफाडच्या थंडीत, 8 अंशांना, ध्वनी सेकंदाला 336 मीटर जातो. 11 किलोमीटरवर उणे 56 अंशांत फक्त 295. शिवाय उंची असली की सावरायला वेळ मिळतो.

मग मॅक 0.80 पासून पायऱ्या पाडा. 0.90 पर्यंत 0.05 ची पायरी चालेल, पुढे 0.02 चीच ठेवा. इथे शॉक वेव्ह, म्हणजे हवेच्या दाबाच्या तीव्र लाटा, पंखावर मागे सरकतात, उचलीचं केंद्रही मागे जातं आणि नाक खाली झुकतं. प्रत्येक पायरीवर वेग स्थिर करा, स्टिकला हलका झटका द्या आणि कंपनं किती लवकर विरतात ते टेलिमेट्रीवर, म्हणजे विमानातून जमिनीवर येणाऱ्या मोजमापांवर, पाहा. विरायला वेळ लागू लागला, तर फ्लटर, म्हणजे विमान मोडू शकणारी वाढती थरथर, जवळ आलाय. पुढची पायरी त्या दिवशी रद्द, पायलट कितीही उत्सुक असो.

एक्स-1 या अमेरिकन रॉकेट विमानाचं उदाहरण मी दरवेळी देतो. 1947 मध्ये मॅक 0.94 च्या आसपास पायलट चक येगरच्या हातातला एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटावरची झडप, निकामी झाला. शॉक वेव्ह नेमकी त्याच्या बिजागरीपाशी बसली होती. तिथे ते थांबले. जॅक रिडली या इंजिनिअरनं सुचवलं, की आख्खं आडवं शेपूटच थोडं थोडं फिरवून नाक सांभाळावं. 14 ऑक्टोबरला विमान 1.06 ला पोहोचलं. माझ्या लेखी त्या यशात रिडलीचा वाटा येगरइतकाच मोठा.

कार्डावर 'वेग उतरल्याशिवाय वळायचं नाही' हे ठळक लिहा. मॅक वाढतो तसा शेपटाचा धाक कमी होतो आणि लांब, जड धड स्वतःच्या जडत्वानं तिन्ही अक्षांवर गडगडू लागतं. 27 सप्टेंबर 1956 ला पायलट मिलबर्न ॲप्ट एक्स-2 या रॉकेट विमानातून मॅक 3 पलीकडे गेलेला पहिला माणूस ठरला. वेग पुरेसा उतरण्याआधीच तो वळला आणि त्यात त्याचा जीव गेला.

परतीच्या इंधनाचा आकडा सगळ्यात वर, लाल शाईनं. आफ्टरबर्नर, म्हणजे जेटच्या झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारा भाग, टाकी फार लवकर रिकामी करतो.

उतरल्यावर डेटा वाचून होईपर्यंत पुढचं कार्ड लिहू नका. आपल्या तेजस लढाऊ विमानाचं पहिलं चाचणी विमान टीडी-1 पहिल्यांदा उडालं 4 जानेवारी 2001 ला. ध्वनीचा वेग त्यानं ओलांडला 1 ऑगस्ट 2003 ला.